इंग्रजीच्या तासाला नाटक

‘इंग्रजीच्या तासाला नाटक’ हे शब्द कानी पडताच पुष्कळ सद्गृहस्थांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडावी हे स्वाभाविकही आहे. स्नेहसंमेलनातले नाटक निराळे. ते वर्षातून एकदा, तोंडाला रंग फासून, मांडवात व्हावयाचे; त्याला कोणाची हरकत नसते. परंतु अभ्यासाचा पस्तीस मिनिटांचा तास, तोही इंग्रजीसारख्या विषयाचा, शालान्त परीक्षा उंबरठ्यावर आलेली, आणि अशा वेळी मुलांनी बाके भिंतीला लावून कोणी डॉक्टर व्हावे, कोणी रोगी व्हावे, हा प्रकार गुणांचे दशांशसुद्धा मोजणाऱ्या घरांतून कोणास रुचेल? आमच्याच घरात हा विषय निघाला तेव्हा माझे थोरले बंधू म्हणाले, “आधी व्याकरण पक्के करा म्हणावे. नाटके काय, पुढे जन्मभर आहेतच.” दादांच्या या बोलण्यातील पूर्वार्धाशी माझा मुळीच वाद नाही. व्याकरण पक्के झालेच पाहिजे. मात्र इंग्रजी भाषेच्या व्याकरणाचा बराच मोठा भाग पुस्तकात छापलेला नसतो, तो केवळ तोंडात आणि कानात राहतो, आणि आमच्या शाळांतून नेमका तेवढाच शिकविला जात नाही, असे माझे निरीक्षण आहे.

हे सांगण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. शिक्षण म्हणाल तर अकरावीचे जुने मॅट्रिक आणि त्यानंतर पाठशाळेतले संस्कृत, एवढीच माझी पुंजी. माध्यमिक शाळेत संस्कृत शिकविण्यात हयात गेली. इंग्रजीचे शिक्षक रजेवर असले म्हणजे तो वर्गही माझ्याकडे येई. निवृत्तीनंतर सोमाटण्यास राहावयास आलो त्याला आता काही वर्षे झाली. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून जाणाऱ्यांना सोमाटणे म्हणजे केवळ एक फाटा आणि टोलनाका. त्याच्या मागे चौराई देवीचा डोंगर आहे, भाताची खाचरे आहेत, पवनेचा काठ फार दूर नाही, हे गाडीतून दिसत नाही. तळेगावची औद्योगिक वसाहत वाढली तशी खाचरांतून घरे उठली, आणि मावळातल्या मूळच्या कुटुंबांशेजारी मराठवाड्यातून, बिहारातून पोटासाठी आलेली माणसे राहू लागली. सकाळी रस्त्यावर उभे राहिले म्हणजे मुलांचे दोन प्रवाह दिसतात. एक पिवळ्या गाड्यांतून इंग्रजी शाळांकडे जातो, दुसरा पायी मराठी शाळांकडे. पहिल्या प्रवाहात माझी नात आहे. दुसऱ्याविषयी मला लिहावयाचे आहे.

त्या पायी जाणाऱ्या मुलांनाही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी आहेच. महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तो निर्णय घेणारे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे हे आमच्या शेजारच्याच पिंपरी-चिंचवडचे. निर्णयावर त्या वेळी पुष्कळ वादंग झाले. तो बरा की वाईट हे येथे ठरवावयाचे नाही. परंतु दहा वर्षे एक भाषा शिकूनही ज्या मुलाच्या तोंडून अनोळखी माणसासमोर तिचे एक वाक्य निघत नाही, त्याने दहा वर्षे केले काय, हा प्रश्न पडतोच. उत्तर सोपे आहे. त्याने ती भाषा डोळ्यांनी वाचली आणि हाताने लिहिली. शिक्षकांनी धडा वाचला, अर्थ मराठीत सांगितला, फळ्यावर उत्तरे लिहून दिली, मुलांनी ती उतरवून घेतली. या व्यवहारात जीभ कोठे आली?

आता त्या न छापलेल्या व्याकरणाविषयी. एक साधे वाक्य घेऊ: ‘आय डिड नॉट गिव्ह यू द बुक.’ मराठीत याचे एकच रूप होईल काय? ‘पुस्तक मी नाही दिले तुला’ असे म्हटले तर दुसऱ्या कोणीतरी दिले. ‘तुला नाही दिले’ म्हटले तर ते तिसऱ्याला दिले. ‘दिले नाही, तूच घेतलेस’ हा तिसरा अर्थ. आणि ‘पुस्तक नव्हे, वही दिली’ हा चौथा. आपण शब्द पुढेमागे सरकवितो, ‘च’ लावतो, ‘तर’ लावतो, ‘ही’ लावतो, आणि अर्थाचे बोट नेमके जेथे ठेवावयाचे तेथे ठेवितो. मराठीची ही मोठी सोय आहे. इंग्रजीत शब्दांच्या जागा अशा सहजी हलत नाहीत. तेथे वाक्य तेच, शब्दक्रम तोच, आणि अर्थ बदलावयाचा तर कोणत्या तरी एका शब्दावर आवाजाचा भार द्यावा लागतो. कागदावर ही चारही वाक्ये तंतोतंत एकसारखी दिसतात. म्हणजे मराठी मुलाच्या दृष्टीने इंग्रजी वाक्यातला ‘च’ अदृश्य आहे. तो दिसावयाचा नाही, ऐकू यावयाचा.

शब्दांचेही तेच. ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असेल तर आघात पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, ‘प्रेझेंट’चेही तसेच. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्याला हे क्षुल्लक वाटते. परंतु ज्यांच्या घरात वेदपठणाची परंपरा होती त्यांना तरी ते क्षुल्लक वाटू नये. त्वष्ट्याने इंद्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ मांडला आणि ‘इन्द्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकीच्या जागी पडला. तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला, इंद्राला मारणारा जन्मावयाचा तो इंद्राकडून मरणारा वृत्र जन्मला. ही कथा व्याकरणाच्या अभ्यासाला आरंभ करतानाच आम्हांला सांगत असत. अक्षर एकही बदलले नव्हते.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी उच्चारलेल्या भाषेचा किती सूक्ष्म विचार केला होता, याचा आज आपल्याला विसर पडला आहे. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत: गाऊन म्हणणारा, घाईने म्हणणारा, मान डोलविणारा, लिहिलेले पाहून वाचणारा, अर्थ न कळता म्हणणारा आणि क्षीण आवाजाचा. आंतरशालेय वक्तृत्वस्पर्धांना मी पुष्कळदा परीक्षक म्हणून बसलो आहे; पहिले पाच प्रकार एकाच मुलात एकत्र पाहण्याचा योग तेथे वारंवार येतो. भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार भेद केले, आणि वाचिकाच्या विवेचनात स्वर, स्थाने, अलंकार यांबरोबर ‘काकू’ नावाचा एक विषय घेतला. काकू म्हणजे आवाजाची ती कलाटणी, जिच्यामुळे तेच वाक्य प्रश्न होते, उपरोध होते, विनवणी होते. साकांक्ष आणि निराकांक्ष असे तिचे दोन प्रकार आहेत. वाक्य उच्चारून झाले तरी काही सांगावयाचे उरले आहे असे ज्या स्वराने वाटते तो पहिला, आणि बोलणे संपले असे वाटते तो दुसरा. या काकूचे महत्त्व मला एका मुलीने शिकविले. ते पुढे येईल.

इंग्रजी शिकणे आणि नाटक यांची सोयरीक आपल्याकडे नवी नाही. पुण्यात २ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले. त्या शाळेच्या शिक्षकांपैकी आगरकर १८८२ साली टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस होते, आणि त्यांनी केलेले ‘हॅम्लेट’चे भाषांतर ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे सहकारी वासुदेव बाळकृष्ण केळकर फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी शिकवीत. त्यांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’वरून ‘त्राटिका’ लिहिले. देवलांचे ‘झुंझारराव’ हे ‘ऑथेल्लो’चे रूपांतर १८९० चे. देवल आणि त्यांचे नाट्यगुरू अण्णासाहेब किर्लोस्कर या दोघांनीही बेळगावास काही काळ शाळामास्तरकी केली होती. यादी लांबविण्यात अर्थ नाही. ज्यांच्या हातून मराठी रंगभूमीवर शेक्सपीअर आला त्यांतले कितीतरी जण खडू हातात धरणारे होते, एवढे दिसले म्हणजे पुरे.

यात मला विशेष मोलाची वाटते ती केळकरांची कामगिरी. नाटक लिहून ते थांबले नाहीत. शाहूनगरवासी मंडळीच्या नटांच्या त्यांनी तालमी घेतल्या. गणपतराव जोशी यांचे इंग्रजी शिक्षण नाममात्र, परंतु त्यांचा हॅम्लेट पाहावयास कॉलेजातली मंडळी लोटत असत, आणि बळवंतराव जोगांची त्राटिका तितकीच गाजली. विचार करून पाहा. इंग्रजीचा एक प्राध्यापक आपल्या विषयातला सर्वांत अवघड लेखक घेतो, आणि इंग्रजी न जाणणाऱ्या नटाला त्या लेखकाची पात्रे आवाजाने, श्वासाने, थांबण्याने समजावून देतो. वर्गात ज्या विद्यार्थ्यांना तो तीच नाटके बाकावर बसवून शिकवीत असेल, त्यांच्यापेक्षा त्या नटाला हॅम्लेट अधिक कळला असावा, अशी माझी खात्री आहे. पुढे कुसुमाग्रजांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आले, आणि आप्पासाहेब बेलवलकरांच्या तोंडून शेक्सपीअर मराठी घराघरांत पोहोचला, तोही याच वाटेने.

परदेशात ही कल्पना शाळेच्या वर्गापर्यंत गेली. केंब्रिजच्या पर्स स्कूलमध्ये हेन्री कॉल्डवेल कुक नावाचे मास्तर इंग्रजीचे धडे मुलांकडून करवून घेत; त्यांचे ‘द प्ले वे’ हे पुस्तक १९१७ साली निघाले. पुढे डॉरथी हेथकोट या बाईंनी, ज्या स्वतः तरुणपणी कापडगिरणीत कामाला होत्या, शिक्षकानेच पात्र होऊन वर्गात शिरावे अशी पद्धती रूढ केली. आपल्याकडे रवीन्द्रनाथांच्या शांतिनिकेतनात आणि गुजरातेत गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या १९३२ च्या पुस्तकात नाटक हा शिक्षणाचाच भाग मानलेला आहे. मात्र आमच्या सोमाटण्याच्या आसपासच्या एका मराठी शाळेतील ज्या तरुण शिक्षिकेमुळे मी या विषयात ओढला गेलो, त्यांनी यांपैकी एकही पुस्तक वाचलेले नव्हते. त्या माझ्याकडे आल्या त्या संस्कृत पाठांतराच्या स्पर्धेसाठी मुलांचे उच्चार तपासून घ्यावयास. जाता जाता म्हणाल्या, “गुरुजी, संस्कृत इतकं खणखणीत म्हणणारी हीच मुलं माझ्या तासाला मुकी होतात. असं का व्हावं?”

मी दोन-तीन तास त्यांच्या वर्गात मागे बसून पाहिले. कारण उघड होते. संस्कृतात आम्ही संथा देतो: गुरू म्हणतो, शिष्य म्हणतो, जीभ वळते. अर्थ कळो न कळो, आवाजाची भीती नाहीशी होते. इंग्रजीत मुले आधी लिहीत होती, मग वाचीत होती, आणि बोलण्याची पाळी येईपर्यंत घंटा होत होती. तेव्हा बाईंनी आधी संथाच सुरू केली. पाठ्यपुस्तकातील संवादाचे एकेक वाक्य घ्यावयाचे आणि अर्ध्या वर्गाने दुसऱ्या अर्ध्याला म्हणावयाचे. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला पुढे बोलाविणे अशक्य. परंतु बाकावरच्या दोघांनी एकमेकांकडे तोंड करून बोलणे सहज शक्य असते. ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याचा भार कोणत्या शब्दावर पडला ते वहीत टिपावयाचे. गलका होई. शेजारच्या वर्गाची तक्रार येई. मुख्याध्यापकांनी एकदा दारात उभे राहून पाहिले आणि काही न बोलता गेले, हे त्यांचे उपकारच म्हणावयाचे.

नंतर मुले स्वतः प्रसंग रचू लागली. पहिला प्रसंग ठरला तो दवाखान्याचा: आजीला घेऊन नातू मोठ्या इस्पितळात गेला आहे, खिडकीवरच्या बाईंना मराठी येत नाही, आणि नातवाने दुभाषी व्हावयाचे. वर्गातल्या पुष्कळ मुलांनी हे काम प्रत्यक्षात केलेले होते. आजी झालेली मुलगी मोठी फर्डी; ती म्हणाली, “आरं, पोटात कळ येतीया, पाठीत चमक निघतीया, आन् डोकं ठणकतंया.” नातू गप्प. त्याच्याजवळ इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द: ‘पेन’. मग वर्गाने शब्दकोश उघडले. ठणक्याला ‘थ्रॉबिंग’ सापडले, मुरड्याला ‘क्रॅम्प’, आणि चमकेला ‘शूटिंग पेन’. त्यावर आजीने सिनेमाच्या शूटिंगला जावयाचे की इस्पितळात, असा दंगा झाला. माझ्या ध्यानात राहिली ती दुसरीच गोष्ट. ‘तीन दिवसांपासून दुखते आहे’ या वाक्याचे इंग्रजी मुलांनी ‘इट इज पेनिंग सिन्स थ्री डेज’ असे केले. ही चूक आम्ही वर्षानुवर्षे तांबड्या शाईने दुरुस्त केली आहे आणि ती वर्षानुवर्षे टिकून आहे. बाईंनी फळ्यावर नियम लिहिला नाही. खिडकीवरच्या बाईचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले, आणि वाक्य बरोबर येईपर्यंत आजीला आत सोडले नाही. ‘इट हॅज बीन हर्टिंग फॉर थ्री डेज’ हे त्या दिवशी आठ निरनिराळ्या नातवांनी म्हटले. दिवाळीनंतरच्या परीक्षेत तो काळ चुकलेली वही मला बाईंनी शोधूनही दाखविता आली नाही. दादांना व्याकरण पक्के हवे होते, ते हे.

आता त्या मुलीविषयी. नववीतली, मागच्या बाकावरची, हजेरीला ‘येस’ म्हणण्यापलीकडे इंग्रजीचा शब्द न बोलणारी. तिचे वडील एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होते. बाईंनी प्रत्येकाला घरातला किंवा गावातला, इंग्रजी जेथे कानावर पडते असा एक प्रसंग लिहून आणावयास सांगितले होते. बाकीच्यांनी टोलनाका, बँक, मोबाइलचे दुकान, गहुंज्याचे क्रिकेटचे मैदान असे आणले. हिने अर्ध्या पानाचा प्रसंग आणला तो असा: कामगाराच्या हातून एक पेटी पडते, साहेब येतो, पाहतो, आणि ‘वेल डन. व्हेरी गुड’ एवढेच म्हणून जातो. कामगार हसतो, साहेबाला नमस्कार करतो. घरी येऊन बायकोमुलांना सांगतो की आज साहेबाने इंग्रजीतून माझी पाठ थोपटली.

बाईंनी तो वाचून माझ्याकडे आणून दिला. खाली मुलीने मराठीत लिहिले होते, ‘हे बाबांचे खरे झाले आहे. मला शाळेत वेल डन कसे म्हणतात ते माहीत आहे. साहेब तसे म्हणाले नसतील.’

वर्गात तो प्रसंग उभा राहिला तेव्हा साहेब झालेल्या मुलाला ते दोन शब्द म्हणताच येईनात. त्याने आयुष्यात ‘वेल डन’ ऐकले होते ते बक्षीससमारंभात. तो म्हणे आणि खरोखरीची शाबासकी वाटे. एकाने सुचविले, ‘वेल’ लांबव. दुसऱ्याने सुचविले, ‘डन’वर आवाज खाली पाड आणि त्याच्याकडे पाहूच नको. अर्धा तास केवळ दोन शब्दांवर गेला. मी मागे बसून ऐकत होतो, आणि भरतमुनींच्या ग्रंथावर पूर्वी मी घेतलेले सगळे तास मला त्यापुढे फिके वाटले. शेवटी तो स्वर सापडला. सापडला त्या क्षणी वर्ग हसला, आणि कामगार झालेली ती मुलगी त्या साहेबाला वाकून नमस्कार करू लागली तसा हसता हसता गप्प झाला.

पुढचा प्रश्न अवघड होता. मुलांना तो प्रसंग स्नेहसंमेलनात करावयाचा होता. गावातली माणसे येणार, त्या कारखान्यातले कामगार येणार. एखाद्या बापाचे हसे त्याच्याच मुलीने गावापुढे करावे काय? बाईंचे मत होते की करू नये. मुलीची आई शाळेत येऊन निराळीच तक्रार करून गेली, “गुरुजी, पोरीला शाळेत शिकाया धाडलीय, तमाशाला न्हाई.” तिला मी काय उत्तर देणार? बाईंनी ठरविले की हे मुलीवर सोडावे, आणि तिने आधी घरी विचारावे.

चार दिवसांनी तिने वडिलांना तो कागद वाचून दाखविला. वडिलांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “करा की. मला तवाच कळलं व्हतं. घरी येऊन तुमच्या म्होरं काय रडायचं व्हतं?”

तिने हे बाईंना सांगितले, बाईंनी मला. इंग्रजीचा एक शब्दही न शिकलेल्या त्या गृहस्थाला काकू कळली होती; त्याला उत्तर देता येत नव्हते, एवढेच. स्नेहसंमेलनात प्रसंग झाला. शेवटी मुलीने एक वाक्य वाढविले होते. कामगार नमस्कार करीत नाही. पेटी उचलतो, जागेवर ठेवतो आणि म्हणतो, ‘सर, प्लीज टेल मी व्हॉट वेंट राँग.’ वाक्य साधे, विनयाचे, आणि भार ‘टेल’वर. ते तिला कोणी सांगितले नव्हते. वडील मागे उभे होते असे म्हणतात. मी पुढच्या रांगेत असल्याने मला दिसले नाहीत.

काही आक्षेपांचा विचार केला पाहिजे. एक असा की हे सर्व साहेबाचे अनुकरण नव्हे काय? विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय येथून जवळच तळेगावास होते, आणि १९१० साली इंग्रज सरकारने ते बंद पाडले. त्या भूमीत पोरांनी इंग्रजीची सोंगे काढावीत काय, असे माझ्या एका वृद्ध स्नेह्यांनी मला विचारले. इंग्लंडातल्या माणसासारखा आवाज काढून दाखविणे मला स्वतःलाही आवडत नाही. मावळच्या मुलाची जीभ मावळचीच राहावी, तिला लाज वाटण्याचे कारण नाही. परंतु भार कोठे द्यावा हे ढंगाचे काम नसून अर्थाचे आहे. ते ज्याला येत नाही त्याला त्या भाषेत कोणी टोमणा मारला तर उत्तर देता येत नाही, आणि कोणी खरोखर शाबासकी दिली तरी ती पुरती पोहोचत नाही. दुसरा आक्षेप लाजाळू मुलांचा. त्यांना ओढून पुढे आणू नये, हे मान्य. पण बाकावरच्या बाकावर, शेजाऱ्याशी, दुसऱ्या कोणाचे तरी नाव घेऊन बोलावयाचे असले म्हणजे लाजाळू मूलच पुष्कळदा मोकळे होते. चूक झाली तर ती त्या आजीची, त्या नातवाची. त्याची स्वतःची नव्हे.

आणि परीक्षेचे म्हणाल तर तेथे आपला सर्वांचा प्रामाणिकपणा तपासून पाहावा लागेल. मार्च २०१९ च्या शालान्त परीक्षेत भाषाविषयांचे तोंडी परीक्षेचे वीस गुण काढून टाकले होते. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, केवढा ओरडा झाला, आणि पुढच्या वर्षीपासून ते गुण परत आले. त्या वेळच्या चर्चेत गुण किती बुडाले हे प्रत्येकाने सांगितले. तोंडी परीक्षेत तोंड किती उघडते हे विचारणारा मला तरी कोणी भेटला नाही. वीसपैकी अठरा गुण खिरापतीसारखे वाटले जातात हे शाळेत वावरलेल्या कोणास ठाऊक नाही? ते वीस गुण बाकावरच्या अशा संवादांवर, वर्षभर थोडे थोडे करून, खरोखरीच दिले तर नवा पैसा लागत नाही आणि नवा तासही लागत नाही. शिक्षकाला मात्र खुर्ची सोडून उभे राहावे लागते, आणि गलका सोसावा लागतो.

राहता राहिली पिवळ्या गाडीतून जाणारी माझी नात. तिचे इंग्रजी पाण्यासारखे वाहते. भार, काकू, सारे जागच्या जागी. मध्यंतरी सूनबाईंनी तिला मराठी गोष्ट वाचावयास बसविली तेव्हा मी ऐकले. ‘मीच येणार’, ‘मी तर येणार’, ‘मीही येणार’ ही तिन्ही वाक्ये तिने एकाच सपाट सुरात, स्टेशनावरची घोषणा व्हावी तशी वाचली. तेव्हापासून रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर पाच-सहा मुले जमतात. त्या शाळेतली मुलगीही येते. दोघी नववीतल्याच. एक दुसरीला इंग्रजी वाक्यातले अदृश्य ‘च’ शोधून देते, दुसरी पहिलीला मराठीतले दिसणारे ‘च’ उच्चारावयास शिकविते. गेल्या रविवारी ‘तुलाच सांगते’ हे दोन शब्द माझ्या नातीला वीस वेळा म्हणावे लागले. एकविसाव्या वेळी मास्तरीणबाईंनी मान हलविली, आणि दादांनी, जे इतका वेळ वर्तमानपत्रात डोके घालून बसले होते, पान खाली न करताच सांगितले, “अजून थोडं सावकाश.”